न आलेल्याची चौकशी कोण करतं? इजिप्तमधल्या चळवळीचं एक प्रकरण (२००६ ते २०१४)

एकविसावं ठिकाण

२५ जानेवारी २०११ ला इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांच्या राजवटीविरुद्ध कैरो परिसरात निदर्शनं कुठं होणार याची यादी आयोजकांनी आधीच इंटरनेटवर टाकली होती. यादीत वीस ठिकाणं होती. पोलिसांनीही ती वाचली आणि त्या त्या जागी बंदोबस्त लावला. एकविसावं ठिकाण मात्र यादीत नव्हतं. नाईलच्या पश्चिमेला, गिझाच्या बाजूला बुलाक अल-दकरूर ही दाट कष्टकरी वस्ती आहे. तिथल्या एका मिठाईच्या दुकानाजवळ जमायचं ठरलं होतं आणि ते अगदी मोजक्या लोकांना माहीत होतं. कार्यकर्ते छोट्या छोट्या गटांनी आले. नेमकं कुठं जायचं हे प्रत्येक गटात एकालाच ठाऊक होतं. वाटेची पाहणी आधीच झाली होती. कोणती गल्ली कुठं उघडते, तिथून मुख्य रस्त्यापर्यंत चालत किती वेळ लागतो, हे प्रत्यक्ष चालून पाहिलेलं होतं.

मोर्चा आधी वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांतून फिरला. घोषणा लोकशाहीच्या नव्हत्या. महागाईच्या, किमान वेतनाच्या होत्या. ते कबुतरं आणि कोंबड्या खातात, आमच्या नशिबी रोजचं कडधान्य, अशा अर्थाची एक घोषणा त्यात होती. खिडक्यांतून, सज्जांतून बघणारी माणसं खाली उतरली. काही शेकड्यांनी निघालेला जमाव वस्तीबाहेर पडला तेव्हा हजारांत गेला होता. पोलिसांची मोठी कुमक दुसरीकडे अडकलेली असल्यानं तो कैरोच्या मध्यावरच्या तहरीर चौकापर्यंत पोचू शकला.

हा बेत शिजला कुठं? वेगवेगळ्या तरुण गटांचे दहा-पंधरा प्रतिनिधी त्याआधी सुमारे दोन आठवडे एका कार्यकर्त्याच्या आईच्या घरी, दाटीवाटीच्या बैठकीच्या खोलीत भेटत होते. तिथं वाद झाले, नकाशे पाहिले गेले, कामं वाटली गेली. पत्रकं हातोहात वाटली गेली.

या उठावाला जगभर ‘फेसबुक क्रांती’ म्हटलं गेलं. ते नाव अर्धवट आहे, पण निव्वळ चूकही नाही. इजिप्तचं हे प्रकरण २००६ पासून २०१४ पर्यंत सलग पाहिलं, तर इंटरनेटनं कोणतं काम केलं आणि समोरासमोरच्या बांधणीनं कोणतं, हे वेगवेगळं करून दाखवता येतं. असं दुसऱ्या फारशा ठिकाणी जमत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हाक घालणं हे एक काम आहे आणि माणसं एकमेकांना बांधली जाणं हे दुसरं. पहिलं इंटरनेटनं विलक्षण स्वस्त केलं. दुसऱ्याचा खर्च होता तिथंच राहिला. तो खर्च ज्यांनी केला नाही, त्यांच्या हातून जिंकलेला चौकही निसटला. एखाद्या संघटनेत हा खर्च झालाय की नाही हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे: ठरलेल्या वेळी न आलेल्या माणसाची दुसऱ्या दिवशी चौकशी कोण करतं?

गिरणी

महाल्ला अल-कुब्रा हे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं कापडगिरण्यांचं शहर. तिथली मिस्र सूत व कापड कंपनी १९२७ सालची, सरकारी मालकीची. २००६ साली तिच्यात चोवीस हजारांच्या आसपास कामगार होते. त्या वर्षी मार्चमध्ये पंतप्रधान अहमद नझीफ यांनी सरकारी क्षेत्रातल्या कामगारांना दोन महिन्यांच्या पगाराइतका वार्षिक बोनस जाहीर केला. तोपर्यंत तो शंभर पौंड ठोक होता. डिसेंबरात पगार हातात पडला तेव्हा बोनस नेहमीचाच, वर करही कापलेला. कामगारांनी पगार घ्यायलाच नकार दिला.

७ डिसेंबरला काम बंद पाडलं ते शिवण विभागातल्या बायकांनी. सुमारे तीन हजार जणी आपापली यंत्रं सोडून सूतकताई आणि विणकामाच्या खात्यांकडे निघाल्या. तिथले पुरुष अजून यंत्रांवर होते. ‘पुरुष कुठायत? बायका तर इथं आहेत!’ अशी घोषणा देत त्या खात्यांतून फिरल्या आणि एकेक खातं थांबत गेलं. चौथ्या दिवशी सरकारनं पंचेचाळीस दिवसांचा बोनस कबूल केला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात कामगारांनी पुन्हा संप केला आणि पुन्हा पदरात पाडून घेतलं.

ही घोषणा कामी आली ती समोरच्या माणसाला उद्देशून होती म्हणून. पाठीमागं दडायला जागा नव्हती. ज्यांना ती ऐकवली जात होती ते शेजारी होते, नातेवाईक होते, एकाच दारातून पाळीला जाणारे होते. संपात न उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच कॅन्टीनमध्ये त्याच लोकांसमोर बसणार होता. माणसाला धीरही याच गोष्टीनं येतो आणि लाजही याच गोष्टीनं वाटते, आणि संपाला दोन्ही लागतात. संप मोडायला अधिकारी येतात, कुणाला बढती देऊ करतात, कुणाला पोलिसांची भीती घालतात. अशा वेळी माणूस टिकतो तो आपण फुटलो तर कुणाला तोंड दाखवायचं आहे हे त्याला माहीत असतं म्हणून.

महाल्लात तंत्रज्ञान नव्हतं असं नाही. मोबाइल होते, आणि गिरणीतल्याच एका कामगाराचा स्वतःचा ब्लॉग होता. संपाच्या बातम्या त्यावरून बाहेर जात. पण तो ब्लॉग संपातून बाहेर आलेला होता. संप ब्लॉगमधून उगवलेला नव्हता.

एकच पान, अठ्ठावीस दिवसांचं अंतर

फेब्रुवारी २००८ मध्ये महाल्लाचे कामगार देशभरासाठी बाराशे पौंड किमान वेतनाची मागणी घेऊन रस्त्यावर आले आणि ६ एप्रिलला संप ठरला. अहमद माहेर आणि इस्रा अब्देल फत्ताह या तरुण कार्यकर्त्यांनी पाठिंब्यासाठी फेसबुकवर गट उघडला: त्या दिवशी देशभर सार्वत्रिक संप पाळा, घरी राहा, काळे कपडे घाला. काही आठवड्यांत सदस्य सत्तर हजारांवर गेले. तेव्हाच्या इजिप्तमध्ये, जिथं आणीबाणीचा कायदा १९८१ पासून लागू होता आणि चार माणसं एकत्र जमली तरी पोलिस विचारत, हा आकडा थक्क करणारा होता.

६ एप्रिलला गिरणीतला संप होऊ शकला नाही. सुरक्षा दलांनी आधीच गिरणीचा ताबा घेतला होता आणि कामगार नेत्यांवर दबाव आणला होता. पण पाळी सुटल्यावर गावच रस्त्यावर उतरलं. दोन दिवस चकमकी झाल्या, लोक मारले गेले, त्यांत पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. मुबारक यांचं मोठं छायाचित्र लोकांनी खाली ओढून तुडवलं. ती दृश्यं सगळीकडे पसरली. कैरोतले रस्ते नेहमीपेक्षा शांत होते. गट चालवणाऱ्यांना वाटलं की आपल्या हाकेला देशानं ओ दिली.

मग त्यांनी दुसरी तारीख दिली, ४ मे. त्या दिवशी मुबारक ऐंशी वर्षांचे होणार होते. गट तोच, सदस्य जवळपास तेवढेच, हाक तशीच. या वेळी काहीच घडलं नाही. दुकानं उघडी, गाड्या चालू, कचेऱ्या भरलेल्या.

मध्ये अठ्ठावीस दिवस गेले होते. राजवट तीच, तंत्रज्ञान तेच, माणसं तीच. मुबारक यांनी एप्रिलच्या अखेरीस सरकारी नोकरांना तीस टक्के पगारवाढ जाहीर करून वातावरण थोडं निवळवलं होतं, हे खरं. पण मुख्य फरक वेगळा होता. ६ एप्रिलच्या मागं एक गिरणी होती, दोन यशस्वी संपांची सवय असलेले कामगार होते आणि एक आख्खं गाव होतं. ४ मेच्या मागं फक्त पान होतं. महाल्लाचे कामगार त्या हाकेत नव्हते. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पुढच्या वर्षी, ६ एप्रिल २००९ ला, त्याच नावानं पुन्हा हाक दिली गेली आणि तीही फसली.

चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकानं या अठ्ठावीस दिवसांचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. सत्तर हजार हा आकडा ६ एप्रिलला खरा वाटला, कारण दुसऱ्या कुणी तरी केलेल्या कामाचं वजन त्याच्या खाली होतं. ते वजन काढून घेतल्यावर किती उरतं ते ४ मेला दिसलं. ‘येतो’ असं कळवणाऱ्याला न येण्याची काहीच किंमत मोजावी लागत नव्हती. तो आला नाही हे कुणाला कळणारही नव्हतं.

राज्ययंत्रणेनं मात्र फेसबुकला हलकं घेतलं नाही. अब्देल फत्ताह यांना एप्रिलमध्ये अटक झाली. मे महिन्यात माहेर यांना पकडून मारहाण झाली आणि त्यांच्याकडे फेसबुकचा पासवर्ड मागितला गेला. पुढं ‘६ एप्रिल’ गटातल्या तरुणांनीही धडा घेतला. त्यांच्यातला एक जण २००९ साली बेलग्रेडला जाऊन सर्बियातल्या आंदोलकांकडून अहिंसक लढ्याचं प्रशिक्षण घेऊन आला. २०११ ची ती गल्लीबोळांतली तयारी अचानक सुचलेली नव्हती. फसलेल्या दोन हाकांमधून ती शिकलेली होती.

पानानं काय केलं

६ जून २०१० ला अलेक्झांड्रियात खालेद सईद हा तरुण पोलिसांच्या मारहाणीत गेला. त्याच्या विद्रूप चेहऱ्याचं छायाचित्र बाहेर आलं. गूगलच्या दुबई कार्यालयात काम करणारे वाएल घोनिम यांनी नाव न सांगता ‘आम्ही सारे खालेद सईद’ हे पान सुरू केलं आणि ते काही लाखांपर्यंत वाढलं. पानानं पहिल्यांदा मागितलं ते फार थोडं होतं: काळे कपडे घाला, अलेक्झांड्रियाच्या समुद्रकिनारी रस्त्यावर अंतर ठेवून उभे राहा, बोलू नका. घोषणा नाही, फलक नाही.

हे मोठं काम होतं. हुकूमशाही टिकते ती प्रत्येकाला आपण एकटेच असे चिडलोय असं वाटत राहिल्यामुळं. छळाच्या गोष्टी घरोघरी माहीत होत्या, पण शेजाऱ्यालाही त्या तितक्याच खुपतात हे माहीत नव्हतं. पानानं ते उघड केलं, आणि मध्यमवर्गातल्या, कधी मोर्चात न गेलेल्या मुलामुलींना पहिली, सोपी पायरी दिली. गिरणीतल्या कामगारांना ही पायरी लागत नव्हती; पण शहरातल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या तरुणांना कॅन्टीन कुठून आणायचं? त्यांच्यासाठी फेसबुक हीच पहिली भेटायची जागा होती. समोरासमोरच्या कामाची बाजू घेणारे पुष्कळदा हे विसरतात.

१४ जानेवारी २०११ ला ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष बेन अली लोकांच्या उठावापुढं देश सोडून पळाले. पानानं २५ जानेवारी, म्हणजे पोलीस दिन, ही तारीख दिली. १८ जानेवारीला अस्मा महफूझ या तरुणीनं कॅमेऱ्याकडे थेट पाहत, मी जाणार आहे, तुम्हीही या, असं सांगणारा व्हिडिओ टाकला. हजारोंनी येतो म्हणून कळवलं. तारीख देशभर पोचली.

ती पोचली कशी, याचाही पुरावा आहे. झेनेप तुफेक्ची आणि क्रिस्टोफर विल्सन या संशोधकांनी तहरीरच्या आंदोलनात उतरलेल्या हजारभर लोकांना विचारलं, निदर्शनांबद्दल पहिल्यांदा कुठून कळलं? जवळपास निम्म्यांनी, ४८ टक्क्यांनी, प्रत्यक्ष भेटीतून असं सांगितलं. फेसबुक म्हणणारे २८ टक्के होते. त्या वेळी आठ कोटींहून जास्त लोकसंख्येच्या देशात फेसबुकवर पन्नास लाखांच्या आसपास लोक होते. म्हणजे थोड्यांच्या पडद्यावर दिसलेली तारीख तिथून जिन्यात, टॅक्सीत, मशिदीच्या पायरीवर आली आणि मग पुढं गेली. मला यातली गंमत अशी वाटते की फेसबुकवर वाचलेलं ज्यानं शेजाऱ्याला सांगितलं, त्यानं त्या क्षणी स्वतःलाही अडकवून घेतलं. आता तो गेला नसता तर शेजाऱ्यानं विचारलं असतं.

जोडणी तोडली तेव्हा

२७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर सरकारनं देशाचं इंटरनेट जवळजवळ पूर्ण बंद केलं. देशाला जगाशी जोडणारे सुमारे साडेतीन हजार मार्ग काही मिनिटांत नाहीसे झाले. सकाळी मोबाइलही मुके झाले.

२८ जानेवारी शुक्रवार होता. जमाव आदल्यापेक्षा कितीतरी पटीनं वाढला. दुपारच्या नमाजानंतर मशिदीमशिदींतून मोर्चे निघाले. त्यासाठी कुणाला संदेश बघायची गरज नव्हती, वेळ आणि जागा दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या होत्या. कस्र अल-नील पुलावर तासन्‌तास झुंज झाली. संध्याकाळपर्यंत सत्ताधारी पक्षाचं मुख्यालय पेटलं होतं आणि पोलिस रस्त्यांवरून हटले होते. इंटरनेट परत आलं ते २ फेब्रुवारीला.

जोडणी तुटल्यानं उलट लोक बाहेर पडले, असा युक्तिवाद येल विद्यापीठात संशोधन करणाऱ्या नाविद हसनपूर यांनी केला. घरात बसून पाहता येईना तेव्हा माणसं बघायला बाहेर आली, मुलाचा फोन लागेना म्हणून आई रस्त्यावर आली, आणि आंदोलन एका चौकातून अनेक वस्त्यांत पसरलं. मला हे पटतं, पण एका अटीवर. शुक्रवारची हाक जोडणी तुटण्याआधीच देऊन झाली होती. आंदोलनाच्या पहिल्या दिवशी इंटरनेट बंद असतं तर काय झालं असतं, हे यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते इतकंच की तीन दिवसांत आंदोलनाचा भार दुसऱ्या खांबांवर गेला होता: मशीद, गल्ली आणि फुटबॉलचे ‘अल्ट्रा’ चाहते. अल-अहली आणि झमालेक या क्लबांच्या या चाहत्यांना स्टेडियममध्ये पोलिसांशी भिडायची वर्षानुवर्षांची सवय होती. कधी पुढं सरकायचं, कधी मागं यायचं, अश्रुधुराचं नळकांडं कसं परत फेकायचं, हे त्यांना एकमेकांच्या सोबतीनं अंगवळणी पडलेलं होतं. २ फेब्रुवारीला उंट-घोड्यांवरून चौकावर हल्ला झाला तेव्हा रात्रभर चौक राखला तो यांनी आणि मुस्लिम ब्रदरहूड या जुन्या इस्लामी संघटनेच्या शिस्तबद्ध तरुणांनी.

शेवटचा धक्का पुन्हा कारखान्यांनी दिला. ८ फेब्रुवारीपासून संपांची लाट आली: सुएझ कालव्याशी संलग्न कंपन्या, महाल्ला, कैरोची बससेवा, टपाल, इस्पितळं. ११ फेब्रुवारीला मुबारक गेले.

चौक रिकामा झाल्यावर

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच फार कमी सांगितला जातो.

सत्ता लष्करी परिषदेकडे गेली. परिषदेला बोलायला कुणी तरी हवं होतं. चौकात जन्मलेली ‘क्रांतिकारी तरुण आघाडी’ बोलणी करायला गेली, पण तिच्या मागं नेमके किती लोक आहेत हे ना लष्कराला माहीत होतं, ना तिला स्वतःला. थोड्याच दिवसांत अशाच नावाच्या आघाड्या डझनांनी निघाल्या. घोनिम यांनी या क्रांतीला नेता नाही असं अभिमानानं सांगितलं होतं. लढताना ती ताकद होती. कुणा एकाला उचलून लढा मोडता येत नव्हता. पण बोलणी करताना कुणी तरी ‘हो’ म्हणावं लागतं आणि ते ‘हो’ बाकीच्यांवर बंधनकारक असावं लागतं. फेसबुकच्या पानावर मत मोजता येतं. त्या मोजणीतून निघालेला निर्णय मात्र हरलेल्या बाजूनं पाळायलाच हवा असं काही तिथं नसतं.

१९ मार्चला घटनादुरुस्तीवर सार्वमत झालं. तरुण गटांनी ‘नाही’चा प्रचार केला, इंटरनेटवर तर ‘नाही’चाच आवाज मोठा होता. निकाल लागला तेव्हा ७७ टक्के मतं ‘हो’ला होती. त्या वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या संसदीय निवडणुकीत ब्रदरहूडच्या पक्षाच्या आघाडीला जवळपास निम्म्या जागा मिळाल्या, सलाफींना, म्हणजे अधिक कर्मठ इस्लामी पक्षांना, सुमारे पाव. क्रांतीच्या तरुणांच्या आघाडीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

ब्रदरहूडची स्थापना १९२८ ची. तिचा पाया ‘उसरा’ म्हणजे कुटुंब नावाचा छोटा गट. दर आठवड्याला भेटायचं, एकत्र वाचायचं, कुणाच्या घरी आजारपण असेल तर धावून जायचं, उत्पन्नातला हिस्सा संघटनेला द्यायचा. पूर्ण सदस्य व्हायला काही वर्षं लागत. माझ्या कसोटीवर ही संघटना पुरेपूर उतरते: एक आठवडा न आलेल्याच्या दारात पुढच्या आठवड्यात कुणी तरी उभं असायचं. निवडणुकीच्या दिवशी वाडीवस्तीवर माणूस लागतो. त्यांच्याकडे तो होता.

म्हणून समोरासमोरची संघटना आपोआप लोकशाहीवादी होते असं मानायचं कारण नाही. ब्रदरहूडच्या शिस्तीचा गाभा ऐकणं आणि पाळणं हा होता. तहरीरमध्ये इतर तरुणांबरोबर राहिलेल्या तिच्याच काही तरुणांनी २०११ च्या उन्हाळ्यात वेगळा पक्ष काढला, तर त्यांना बाहेर काढलं गेलं. जी चौकशी माणसाला आधार देते तीच त्याच्यावर पाळतही ठेवू शकते. बांधणी हवी म्हणणाऱ्यांनी हा धोका नजरेआड करू नये. प्रश्न विचारायची मुभा असलेली बांधणी उभी करणं हेच खरं अवघड काम आहे आणि इजिप्तच्या तरुणांना त्यासाठी उसंत मिळाली नाही.

‘६ एप्रिल’ चळवळीत २०११ मध्येच फूट पडली. वेगळ्या झालेल्या गटाची तक्रार अंतर्गत लोकशाही नाही, निर्णय मोजकी माणसं घेतात, अशी होती. सदस्य कोण, मत कुणाला, नेता किती काळ, या गोष्टी शांततेच्या काळात, कंटाळवाण्या बैठकांमधून ठरतात. फेसबुकमुळं चळवळ इतक्या वेगानं मोठी झाली की त्या बैठका व्हायच्या राहूनच गेल्या. पूर्वी लाखभर माणसं चौकात आणायला आधी वर्षानुवर्षं शाखा, कमिट्या, वर्गणी, भांडणं आणि तडजोडी यांतून जावं लागे. गर्दी हे त्या कामाचं फळ असे, आणि गर्दी पांगल्यावरही ते काम उरे. आता गर्दी आधी आली. ती पांगली तेव्हा खाली काही उरलेलं नव्हतं.

मे २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरी बघितली की जीव हळहळतो. ब्रदरहूडचे मोर्सी २४.८ टक्के, मुबारक यांचे शेवटचे पंतप्रधान शफीक २३.७. तिसऱ्या क्रमांकावर नासेरवादी (माजी अध्यक्ष नासेर यांच्या विचारांचे) हमदीन सबाही २०.७, चौथ्यावर ब्रदरहूडमधून बाहेर पडलेले अबुल फुतूह १७.५. क्रांतीच्या बाजूची बहुतेक मतं या दोघांत वाटली गेली. दोघांची बेरीज पहिल्या क्रमांकाहून कितीतरी जास्त होती. पण दोघांना एका खोलीत बसवून एकानं माघार घ्यावी हे ठरवून घेईल आणि मग आपल्या लोकांकडून पाळून घेईल, असं कुणीच त्या बाजूला नव्हतं. दुसऱ्या फेरीत तहरीरच्या तरुणांपुढं मोर्सी किंवा शफीक एवढेच पर्याय उरले. तरुण आघाडी जुलै २०१२ मध्ये विसर्जित झाली.

घोनिम यांनी पुढं २०१५ मध्ये एका जाहीर भाषणात सांगितलं की समाज मुक्त करायला इंटरनेट पुरेसं आहे असं आपण म्हणालो होतो आणि ते चुकीचं होतं. त्यांच्या प्रामाणिकपणाचा मला आदर आहे. त्यांचा रोख मुख्यतः समाजमाध्यमांवरच्या अफवा, टोळीबाजी आणि आरडाओरडा यांवर होता. माझं मत थोडं वेगळं आहे. ती माध्यमं अगदी सभ्य आणि सत्यवादी असती, तरी २०१२ ची ती माघार त्यांच्यावर ठरली नसती.

कर वसूल करणारे

याच काळातली दुसरी एक गोष्ट या प्रकरणात धरलीच पाहिजे. मालमत्ता कर वसूल करणारे सरकारी कर्मचारी हा कुणाच्याही कल्पनेत क्रांतिकारक वर्ग बसत नाही. त्यांचे पगार त्याच कामातल्या अर्थखात्याच्या लोकांपेक्षा बरेच कमी होते. कमाल अबू ऐता यांच्या पुढाकारानं डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी देशभर काम थांबवलं आणि हजारोंनी कैरोत मंत्रिमंडळाच्या कचेरीसमोर अकरा दिवस ठिय्या दिला. बायकामुलंही आली, रात्री रस्त्यावर झोपली. मोठी पगारवाढ मिळाली.

इथपर्यंत ही इतर आंदोलनांसारखीच गोष्ट आहे. वेगळेपण पुढं आहे. ठिय्या उठल्यावर संपसमित्या विसर्जित झाल्या नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कर कचेऱ्यांमध्ये फिरून कार्यकर्त्यांनी सभासद नोंदवले, सह्या घेतल्या, प्रतिनिधी निवडले. एक वर्षानं, डिसेंबर २००८ मध्ये स्वतंत्र संघटना जाहीर झाली आणि एप्रिल २००९ मध्ये सरकारनं तिची नोंद घेतली. १९५७ नंतर सरकारच्या ताब्यातल्या कामगार महासंघाबाहेरची ती पहिली संघटना. म्हणजे ज्या एप्रिलमध्ये फेसबुकवरची तिसरी हाक फसली, त्याच महिन्यात कारकुनांनी मुबारक यांच्याकडून मान्यता मिळवली. ३० जानेवारी २०११ ला, चौक पेटलेला असताना, स्वतंत्र संघटनांचा महासंघ जाहीर झाला तो याच पायावर.

ही वाटही बिनधोक नव्हती. जुलै २०१३ मध्ये लष्करानं निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवल्यावर अबू ऐता नव्या सरकारात मजूरमंत्री झाले आणि चळवळीतल्या अनेकांना तो विश्वासघात वाटला. संघटना असली की तिचा नेता सत्तेकडे जाऊ शकतो. पण निदान त्याला जाब विचारायला सभासद असतात, आणि त्यांनी तो विचारला.

२०१३ च्या नोव्हेंबरात निदर्शनांवर कडक निर्बंध घालणारा कायदा आला. डिसेंबरात अहमद माहेर यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयानं ‘६ एप्रिल’ चळवळीवर बंदी घातली. ब्रदरहूडची ती पंच्याऐंशी वर्षांची बांधणीही बंदुकीपुढं टिकली नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये कैरोतल्या रबा चौकात ठिय्या दिलेल्या मोर्सी-समर्थकांतली शेकडो माणसं मारली गेली. समोरासमोरच्या संघटनेला गोळी लागत नाही असा दावा करणं त्या मेलेल्यांवर अन्याय होईल.

तरी एका गोष्टीची नोंद राहते. त्या कायद्याच्या अंमलात, फेब्रुवारी २०१४ मध्ये, महाल्लाच्या गिरणीत यंत्रं पुन्हा थांबली. जानेवारीपासून सरकारी नोकरांना बाराशे पौंड किमान वेतन लागू झालं होतं आणि सरकारी कंपन्यांच्या कामगारांना त्यातून वगळलं होतं. हीच रक्कम त्यांनी सहा वर्षांपूर्वी मागितली होती. २००८ मध्ये तुरुंगात गेलेले काही कामगार या संपातही पुढं होते. संप दुसऱ्या गिरण्यांत, बससेवेत, टपालात पसरला. २४ फेब्रुवारीला पंतप्रधान हाझेम अल-बेब्लावी यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला.